'आईबापाचा मान राख' ह्या आज्ञेचा अर्थ आईबाप म्हणतील ते सगळं करायचं असा आहे का?

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस तोच डोक्यात होता म्हणून जरा लांबलचक लिहितेय. तुम्ही लिहिलंय की वडील आयुष्यभर दारू पिऊन आईला मारत आले, आता लिव्हरने अंथरुणाला खिळलेत, तुम्ही नोकरीला वेगळ्या शहरात आहात, आणि ते फोनवर म्हणतात नोकरी सोडून घरी ये, पगार माझ्या हातात दे, बायबलमध्येच लिहिलंय आईबापाचा मान राख म्हणून. चर्चमधल्या एका मोठ्या माणसानेही तेच ऐकवलं. तर खरंच ख्रिस्ती शिकवण अशी आहे का, आणि तशी असेल तर मग येशूच एका ठिकाणी आईबापाचा द्वेष करा असं कसं म्हणतो.

मी पास्टर नाही, इंदूरला आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल घेते, बरीच वर्षं झाली. आमचं घराणं मूळ अहमदनगरकडचं, आजोबा मिलच्या कामाला इकडे आले ते इकडचेच झाले, त्यामुळे उपासना हिंदीत आणि घरातलं बायबल मराठी असा आमचा कारभार. पोरांकडून दहा आज्ञा पाठ करून घेताना ही आज्ञा सगळ्यात आधी पाठ होते कारण घरी रोज तीच ऐकवलेली असते, आणि माझ्या मते गडबड तिथेच सुरू होते. ही आज्ञा आपण लहान पोरांच्या माथी मारतो, पण ती मुळात मोठ्या माणसांना दिलेली आहे.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा २० वा अध्याय काढून बघा, दहा आज्ञा तिथे आहेत. ह्या आज्ञेच्या लगेच आधीची आज्ञा शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची आहे, त्यात देव म्हणतो त्या दिवशी तू काम करू नको, तुझ्या मुलाने नको, मुलीने नको, दासाने नको, दासीने नको, तुझ्या गुराढोरांनीही नको. म्हणजे ज्याला 'तू' म्हटलंय त्याला स्वतःला मुलंबाळं आहेत, नोकरचाकर आहेत, गोठा आहे. पुढे त्यालाच सांगितलंय व्यभिचार करू नको, शेजाऱ्याच्या बायकोचा नि बैलाचा लोभ धरू नको. मग मधल्या एकाच आज्ञेत हा बाप्या अचानक आठ वर्षांचा पोरगा होतो का? नाही ना. तो कर्ता माणूस आहे, घर आता त्याच्या हातात आहे आणि त्याचे आईबाप म्हातारे झालेत, शेतात कामाचे राहिले नाहीत. त्या काळी पेन्शन नव्हती, एफडी नव्हती, दवाखाना नव्हता. म्हाताऱ्या माणसाचं जेवण आणि अंथरूण पूर्णपणे पोराच्या मर्जीवर. त्या कर्त्या माणसाला देव सांगतोय की ह्यांना टाकू नको, हलकं लेखू नको. नीतिसूत्रांतही हेच आहे, आई म्हातारी झाली म्हणून तिला तुच्छ मानू नको, आणि जो बापाला लुबाडतो नि आईला घराबाहेर काढतो तो लाज आणणारा मुलगा. लुबाडणारा, बाहेर काढणारा. हे काय दुसरीतल्या पोराबद्दल लिहिलंय?

(नंबरावरून गोंधळ होऊ नये म्हणून सांगते, कॅथलिक आणि लुथरन लोक हिला चौथी आज्ञा म्हणतात, आम्ही बाकीचे प्रोटेस्टंट पाचवी, कारण सुरुवातीच्या आज्ञा कुठे तोडायच्या ह्याची मोजणी वेगळी आहे. आज्ञा तीच.)

आता येशूने ही आज्ञा कशी समजावली ते मार्क ७ मध्ये आहे आणि मला वाटतं तुमच्या त्या चर्चवाल्या काकांनी हा अध्याय नीट वाचायला हवा. परूशी आणि शास्त्री, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपंडित, येऊन येशूला विचारतात की तुझे शिष्य हात न धुता का जेवतात. येशू उलट त्यांनाच धरतो. म्हणतो मोशेने सांगितलं आईबापाचा मान राख, आणि तुम्ही काय शिकवता, तर एखाद्याने आईबापाला म्हटलं की माझ्याकडून तुम्हाला जे काही मिळायचं होतं ते कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, तर त्याला आईबापासाठी पुढे काही करूच देत नाही. परंपरेपायी देवाचं वचन रद्द करता. म्हणजे येशूच्या डोळ्यासमोर मान राखणं म्हणजे पाया पडणं नाही, हुकूम ऐकणंही नाही, म्हाताऱ्यांचा खर्च कोण करणार हा सरळ प्रश्न आहे. आणि त्याचा राग कोणावर आहे बघा, धर्माचं नाव पुढे करून त्या खर्चातून सुटणाऱ्यावर आणि त्याला सुटू देणाऱ्या धर्मपंडितांवर.

हे कुर्बान प्रकरण दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे असं समजू नका. माझ्या पाहण्यातले एक गृहस्थ आहेत, चर्चच्या नव्या फरशीला मोठी रक्कम दिली, भिंतीवर संगमरवरी पाटीत नाव कोरलंय. त्यांची आई जिन्याखालच्या खोलीत. मी एकदा आईबरोबर तिला भेटायला गेले तर तिने उशीखालून स्तोत्रसंहिता काढून माझ्या हातात दिली की वाच गं जरा, मला अक्षर लागत नाही. चष्म्याची एक काच गेलेली होती आणि काडीला बँडेजची पट्टी गुंडाळलेली, ती पण मळून काळी झालेली. मुलाला सांगितलं का विचारलं तर म्हणाली त्याला चर्चची कामं खूप असतात. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेला नाही. नंतर माझ्या आईने तिला नेऊन मोतीबिंदू दाखवला, ऑपरेशन झालं. पण त्या माणसाला चर्चमध्ये आजही सगळे मोठा विश्वासू म्हणून मानतात. येशूचा प्रेषित पौल तर त्याच्या पत्रात, १ तीमथ्य ५ मध्ये, ह्याच्यावर इतकं कडक लिहितो की जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. त्याच अध्यायात तो विधवांबद्दल बोलताना मुलानातवंडांना सांगतो की आधी आपल्या घरात धर्म पाळायला शिका आणि आईबापांची परतफेड करा.

आणि वधस्तंभावर स्वतः येशू काय करतो? योहान १९. खिळे ठोकलेले आहेत, श्वास घेणं मुश्किल आहे, आणि तो आईकडे बघून तिला त्या प्रिय शिष्याच्या हवाली करतो. तेव्हापासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं असं पुढे लिहिलंय. आईची राहायची सोय लावली त्याने, मरता मरता.

बरं, आता ऐकण्याचं. ऐकण्याचीही गोष्ट बायबलमध्ये आहेच, मी ती लपवत नाही. इफिसकरांच्या पत्रात ६ व्या अध्यायात पौल लिहितो मुलांनो, प्रभूमध्ये आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहा, आणि लगेच ही दहा आज्ञांतली ओळ देतो. पण तिथे तो घरात वाढणाऱ्या मुलांशी बोलतोय, कारण पुढच्याच वाक्यात बापांना सांगतो की मुलांना चिरडीस आणू नका, त्यांना प्रभूच्या शिस्तीत वाढवा. कलस्सैकरांच्या पत्रात तर कारणही देतो, नाहीतर मुलं खचून जातील. हे दुसरं वाक्य आमच्याकडे प्रवचनात फार कमी वेळा येतं आणि तुमच्या वडलांनी तर ते कधी ऐकलंच नसावं. मुलांना एक, बापांना एक, अशा दोन्ही आज्ञा एका श्वासात दिलेल्या आहेत आणि बापाने आपली धाब्यावर बसवून मुलीकडे तिची मागायची हे काही पौलाचं शिक्षण नाही.

येशूच्याच आयुष्यात हा फरक दिसतो. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात मागे राहतो, आईबाप शोधत येतात, मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला जातो आणि त्यांच्या आज्ञेत राहतो असं लूक सांगतो. पण मोठा झाल्यावर, काम सुरू केल्यावर, मार्क ३ मध्ये घरच्यांना वाटतं ह्याचं डोकं फिरलंय, त्याला धरून न्यायला निघतात, आई आणि भाऊ बाहेर उभे राहून बोलावणं पाठवतात, आणि तो काम सोडून त्यांच्यामागे निघून जात नाही. तीच आई, जिची त्याने पुढे वधस्तंभावरून सोय लावली. म्हणजे मोठं झाल्यावर आईचं न ऐकणं आणि आईचा मान राखणं हे एकाच माणसात होऊ शकतं, आणि तो माणूस निष्पाप होता अशी आपली श्रद्धा आहे.

चर्चनेही पुढे हेच शिकवलंय. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट आहे की मूल घरी राहतं तोवर आज्ञापालन, तेही चुकीचं काही सांगितलं तर नाही, आणि मूल मोठं होऊन स्वतंत्र झालं की आज्ञापालन संपतं, आदर मात्र कायम राहतो आणि म्हातारपणी, आजारपणात, एकटेपणात जमेल तितका आधार द्यायचा. प्रोटेस्टंटांमध्ये १५६३ ची हायडलबर्ग प्रश्नोत्तरी आहे, तिच्यात ह्या आज्ञेखाली आईबापांच्या उणिवा आणि दुबळेपण धीराने सहन करावं असंही घातलंय. मला ते आवडतं, कारण त्यात गृहीत धरलंय की आईबापांत उणिवा असतात. पण उणिवा सहन करणं म्हणजे मार सहन करणं असा अर्थ कोणी काढत असेल तर तो जबरदस्तीने काढलेला आहे.

द्वेषाच्या वचनाचं थोडक्यात सांगते. लूक १४:२६ मध्ये ते तसं कडक आलंय, पण तीच शिकवण मत्तय १० मध्ये अशी येते की जो माझ्यापेक्षा आईबापांवर जास्त प्रीती करतो तो मला योग्य नाही. म्हणजे प्रश्न पहिला नंबर कोणाचा हा आहे. ज्याने शत्रूवरही प्रीती करा म्हटलं तो आईचा तिरस्कार करा म्हणेल का? उलट ह्या वचनामुळेच आईबाप देवाच्या जागी बसू शकत नाहीत, आणि तुमच्या वडलांनी जी आज्ञा तुम्हाला ऐकवली तिच्या वर अजून आज्ञा आहेत, पहिली तर हीच की माझ्याशिवाय दुसरा देव नको.

पण तुमच्यासाठी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो योनाथान. शौल राजाचा मुलगा. शौलाचं डोकं कधी फिरेल सांगता येत नाही, भाला कायम हाताशी, दावीद म्हणजे योनाथानाचा जिवलग मित्र, त्याचा शौलाला मत्सर इतका की त्याला मारायलाच निघालेला. योनाथान काय करतो? आधी बापाशी चांगल्या शब्दांत बोलतो, दावीदाने तुमचं काय वाईट केलंय, निर्दोष रक्ताचं पाप का घेता. बाप शपथ घेतो, नाही मारणार, आणि ती मोडतो (दारू सोडायच्या शपथा तुम्ही किती ऐकल्या असतील देव जाणे). मग अमावास्येच्या जेवणाला सगळे बसलेत, योनाथान पुन्हा दावीदाची बाजू घेतो, शौल भरपंगतीत त्याच्या आईवरून त्याला शिवी देतो आणि त्याच्यावरच भाला फेकतो. पोटच्या मुलावर. योनाथान रागाने ताटावरून उठतो, त्या दिवशी जेवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाऊन दावीदाला खूण करून पळवून लावतो. १ शमुवेल १९ आणि २० मध्ये हे सगळं आहे. म्हणजे बापाचा सरळ हुकूम मोडला, बापाच्या तावडीतून माणूस सोडवला, बापावर संतापला. बायबल त्याला ह्याबद्दल एका शब्दानेही दोष देत नाही. आणि हाच योनाथान शेवटी गिलबोवा डोंगरावर पलिष्ट्यांशी लढताना बापाच्याच बाजूने मरतो. त्याने बापाला टाकलं नाही, फक्त बापाच्या पापात हात दिला नाही.

आणि त्याच गोष्टीत थोडं पुढे, २२ व्या अध्यायात, दावीद स्वतः जीव मुठीत धरून गुहेत लपलेला आहे, तेव्हा तो वेळ काढून मवाबाच्या राजाकडे जातो आणि म्हणतो माझ्या आईबापांना तुमच्याकडे राहू द्या, देव माझं काय करणार ते कळेपर्यंत. मवाब का, तर बहुधा त्याची पणजी रूथ तिकडची होती म्हणून. हे वाक्य लोक वाचून पुढे जातात पण मला ते फार मोठं वाटतं. तो म्हाताऱ्यांबरोबर बसून राहिला नाही, तसं केलं असतं तर सगळेच मेले असते. त्याने सुरक्षित जागा शोधली, तिथल्या माणसाशी बोलला, त्यांना पोचवलं आणि परत आपल्या कामाला गेला. लांब राहून आईबापांची नीट व्यवस्था लावणं हेही आज्ञा पाळणंच आहे, आणि तुम्ही नोकरीवरून तेच करू शकता.

एक गोष्ट मात्र मला आग्रहाने सांगायचीय कारण वडलांवर राग असताना ती अवघड जाते. माझ्या आजोबांना शेवटी शेवटी काही आठवत नसे. मिल बंद होऊन वर्षं झालेली, पण संध्याकाळी उठून सदरा घालायचे नि ओरडायचे, डबा भरा, भोंगा झाला. घरात बाकीचे समजावायचे की अप्पा मिल बंद झाली, मग ते अजून चिडायचे, हात उगारायचे. माझी आत्या काय करायची, डब्यात खरंच दोन पोळ्या आणि लोणचं भरायची, त्यांच्या हातात द्यायची, चप्पल पायात सरकवायची आणि बरोबर मालवा मिलच्या चौकापर्यंत जाऊन यायची. वाटेत कुठल्यातरी ओट्यावर बसून ते डबा खायचे आणि परत यायचे, पाळी झाली म्हणून शांत झोपायचे. ह्याच आजोबांनी आत्याला शाळेतून काढलं होतं, तिचं लग्न मोडलं होतं, तिला ते सगळं लख्ख आठवत होतं आणि ती ते बोलूनही दाखवायची, आमच्यासमोर, स्पष्ट. पण रोजचा डबा चुकला नाही. कॅथलिक बायबलमध्ये सिराखचं पुस्तक आहे त्यात ३ ऱ्या अध्यायात जवळजवळ हेच लिहिलंय, बापाच्या म्हातारपणी त्याला सांभाळ, त्याची बुद्धी कमी झाली तरी समजून घे, तू धडधाकट आहेस म्हणून त्याला हिणवू नको. म्हणजे मान राखायला मनात प्रेम उचंबळून यायला हवं असं नाही, झालेलं सगळं विसरायला हवं असंही नाही. आज्ञेत आईबापांना आवडून घे असं म्हटलेलंच नाही, ते माणसाच्या हातात नसतं हे देवालाही माहीत आहे.

ह्याच आज्ञेच्या पुढे 'म्हणजे देशात चिरकाळ राहशील' असं वचन आहे, त्याबद्दलही लोक भीती घालतात, नाही ऐकलंस तर आयुष्य कमी होईल वगैरे. तसं नाही. ते वचन देशात टिकून राहण्याचं आहे, सगळ्या लोकांना मिळून दिलेलं. जिथे म्हाताऱ्यांना टाकत नाहीत तिथे पिढ्या टिकतात. आईबापांची सेवा केलेली माणसंही तरुणपणी गेलेली मी पाहिलीत, आणि त्यांच्यावर देवाचा काही कोप नव्हता.

मग तुम्ही काय करायचं. नोकरी सोडू नका, त्याला ह्या आज्ञेचा काही आधार नाही, आणि पगार गेला तर वडलांचं औषधही कुठून येणार. पगार हातात देऊ नका, तो दारूत जाईल आणि ते म्हणजे त्यांना मदत नाही. औषध, डॉक्टर, किराणा ह्याचे पैसे थेट द्या, मेडिकलवाल्याला ऑनलाइन, दवाखान्याचं बिल दवाखान्याला. आपल्याकडे २००७ चा आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा आहे, तो मुलीलाही लागू आहे, पण त्यातही खर्चापुरती रक्कम द्यायची असते आणि मूळ कायद्यात ती महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये धरलीय, पगार द्या असं तिथेही नाही. फोनवर शिवीगाळ सुरू झाली की 'पप्पा, मी उद्या फोन करते' म्हणून ठेवून द्या, आणि उद्या खरंच करा. चारचौघांत, नातेवाईकांच्या ग्रुपवर त्यांची बदनामी करू नका, बायबलमधल्या नोहाच्या दोन मुलांनी बाप नशेत उघडा पडलाय हे कळल्यावर पाठमोरं चालत जाऊन पांघरूण घातलं तसं. पण लाज झाकणं वेगळं आणि गुन्हा झाकणं वेगळं, ते अजूनही आईवर हात टाकत असतील तर झाकू नका. त्यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

कारण ह्या सगळ्यात एक माणूस राहूनच जातंय. आज्ञेत बापाबरोबर आई पण आहे. लेवीय १९:३ मध्ये तर आईचं नाव आधी घेतलंय. वडलांचा मान राखायचा म्हणून आईला मार खात तिथेच ठेवायचं असं करून ही आज्ञा अर्धीच पाळली जाते, आणि ज्या काकांनी तुम्हाला ती ऐकवली त्यांना हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यांना सांगा की काका, आठवड्यातून दोनदा तुम्ही घरी जाऊन बसा पप्पांजवळ, चर्चमधले दोघं-तिघं पाळी लावून त्यांना दवाखान्यात न्या. येतात का बघा. आणि आईला महिनाभर का होईना तुमच्याकडे आणायचं ठरलं, तर निघायच्या आधी तिचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी तिच्याच पिशवीत आहे ना एवढं फोनवर तिच्याकडून तपासून घ्या.